यंदाची सहल: साळावली, पण जुलैत की मे महिन्यात?

सचिव (ए-१०१): सर्वांना नमस्कार. पावसाळी सहल जुलैत साळावली धरणावर न्यायचा विचार आहे. डकबिल, म्हणजे धरणाचा सांडवा, ओसंडायला लागला की पुढचाच रविवार. मिनीबस सोसायटीची, डबे घरचे. नावं कळवा.

रोहन (सी-२०४): परत साळावली? काका, नैनितालसारखं डोंगरातलं तळं दाखवा की कधीतरी 😄

सचिव: नैनितालचं पाणी मडगावात तुझ्या नळाला येत नाही, साळावलीचं येतं.

नाईक सर (बी-१०३): आणि डकबिल बघण्यासारखंच आहे रे. दरवाजे नाहीत, उघडायला माणूस लागत नाही. जलाशय काठोकाठ भरला की पाणी कडेवरून आपसूक आत कोसळतं. खाली कठड्याशी उभं राहिलं की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही.

कुंदाताई (बी-३०२): जुलैत जा, पण त्याआधी याच महिन्यात चला. पाणी उतरलंय. आमचं कुर्डी वर आलंय.

रोहन: वर आलंय म्हणजे?

कुंदाताई: तुझ्या जन्माआधी गाव धरणात गेलं बाबा. तेव्हाचे मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः गावात येऊन सांगून गेले होते, धरण झालं की सगळ्या दक्षिण गोव्याचं भलं होईल. लोकांनी ऐकलं. भातशेती, नारळ, काजू, फणस सोडून वाडे आणि वालकिणी या पुनर्वसनाच्या गावांना गेले. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळेच. मावशी वाड्याला गेली. उन्हाळ्यात विहीर आटली की तिथे टँकरची वाट बघायची. धरणासाठी गाव दिलेल्यांना!

नाईक सर: गायिका मोगूबाई कुर्डीकर तिथल्याच ना?

कुंदाताई: हो, १९०४ चा जन्म. किशोरीताई आमोणकरांच्या आई. त्यांच्या घराचाही चौथराच उरलाय.

कुंदाताई: चिखल वाळून भेगाळलेला असतो. त्यात चिऱ्यांचे चौथरे, विहिरीचं कडं, माडांचे काळे बुंधे. म्हातारी माणसं बरोबर आपल्या उंबऱ्याच्या जागी जाऊन उभी राहतात, "हांगा रांदचीकूड" (इथे स्वयंपाकघर) म्हणून नातवंडांना दाखवतात. मे महिन्यात सोमेश्वराचा उत्सव होतो, चॅपेलचं फेस्तही. कुठून कुठून लोक येतात.

मीनल (ए-२०३): मग धरणाजवळचं महादेवाचं देऊळ?

नाईक सर: तेही कुर्डीचंच. कदंब काळातलं. पाण्यात जाणार म्हणून पुरातत्त्ववाल्यांनी दगडांना क्रमांक घातले, उतरवलं आणि इथे आणून पुन्हा जुळवलं. धरणाच्या बागेत सेल्फी काढून परतणारे तिकडे वळतच नाहीत. आपण वळायचंच.

सचिव: ताई, उन्हात ज्येष्ठांना जमेल का? सावली आहे?

कुंदाताई: सावलीचं झाड एक नाही. सकाळी सातला निघायचं, टोप्या, पाणी, चांगले बूट. कडेचा गाळ वरून वाळलेला दिसतो, पाय आत जातो. मुलांना मोकळं सोडू नका. उत्सवाची तारीख भावाला विचारून उद्या टाकते.

सचिव: ठीक. मे महिन्यात कुर्डी आणि देऊळ, जुलैत डकबिल. वर्गणी एकदाच घेतो.

मीनल: माझी चार नावं. पोळे आणि चटणी माझ्याकडे.

रोहन: मी येतो. ड्रोन आणू?

कुंदाताई: आण. पण आरती चालू असताना देवळावर घिरट्या घातल्यास तर मावशी काठी घेऊन मागे लागेल 😄