मदत हवी आहे: तडवी कुटुंबात मुलीला शेतीत वाटा कोणत्या कायद्याने?

नमस्कार मंडळी. आम्ही यावल तालुक्यातले तडवी भिल्ल, म्हणजे धर्माने मुसलमान आणि सरकारदप्तरी अनुसूचित जमात. वडील गेले. सातपुड्याच्या पायथ्याशी केळीचं शेत आहे. केळीचे घड कापायच्या वेळी आई आजही बांधावर उभी असते, पण भावाने दिलेल्या वारस नोंदीच्या अर्जात तिचं नाव नाही, आम्हा बहिणींचंही नाही.

जमातीतले जुने लोक म्हणतात, शेत मुलांचंच, रीतच तशी. मौलाना म्हणतात, शरीयतप्रमाणे मुलाच्या निम्म्याने मुलीला आणि आठवा हिस्सा आईला. पण 1937 च्या शरीयत कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. 1956 चा हिंदू वारसा कायदा आम्हाला लागू नाही (तो हिंदू आदिवासींनाही आपोआप लागत नाही). मग उरलं काय?

17 जुलै 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, बायकांना डावलणारी रूढी सिद्ध झाली नाही म्हणून वारस मुलीच्या पोरांना समान वाटा दिला. मला आशा तिथेच दिसते, कारण आमच्याकडेही त्या रीतीचा पुरावा कुणी दाखवत नाही.

यावल, रावेर, चोपड्याकडे कुणी असा दावा लढवलाय का? रूढी सिद्ध करायची भावाने की मी? तलाठ्याकडे लेखी हरकत दिली आहे. फेरफार तरीही मंजूर झाला तर आधी प्रांताकडे अपील करावं की सरळ दिवाणी दावा? भावाशी बोलणं तोडायचं नाही, पण आईचं नाव सातबाऱ्यावर लागलंच पाहिजे.