मदत हवी आहे: बोअरच्या पाण्यातलं लोह कार्बन डॉट्सने मोजताना आकडा कमी येतो

कार्बन डॉट्स म्हणजे प्रकाश टाकला की चमकणारे कार्बनचे नॅनोकण; लोहामुळे त्यांची चमक घटते, त्यावरून लोह मोजतो. डॉट्सची कृती नेहमीचीच: सायट्रिक आम्ल 1.05 ग्रॅम, एथिलीनडायअमाईन 335 मायक्रोलिटर, पाणी 10 मिलि; टेफ्लॉन अस्तराच्या ऑटोक्लेव्हमध्ये 200 अंशांवर 5 तास, मग 1000 डाल्टनच्या पिशवीत डायलिसिस (बारीक रेणू गाळून काढणं). 360 नॅनोमीटरला उत्तेजन दिलं की 440च्या आसपास स्वच्छ निळा प्रकाश.

डिस्टिल्ड पाण्यात फेरिक (Fe³⁺) आयन वाढवत नेले तर चमक सरळ रेषेत उतरते. बोअरच्या पाण्यात मात्र 0.3 मिग्रॅ/लिटर, म्हणजे साधारण 5.4 मायक्रोमोलर लोह मुद्दाम घातलं, तरी त्यातलं निम्मंही दिसत नाही. क्युव्हेट (मोजणीची छोटी नळी) अर्धा तास ठेवली की तळाशी फिकट तांबूस गाळ बसतो. pH 7ला फेरिक हायड्रॉक्साईड बनतंय, हे उघड आहे. फॉस्फेट बफर तर टाळायलाच हवा, तो लोहाला धरून ठेवतो. त्यात उपशाचं ताजं पाणी असेल तर बरंचसं लोह फेरस (Fe²⁺) रूपातच असतं, ते डॉट्सना फेरिकइतकं दिसत नाही.

अॅसिटेट बफरने pH 4वर आणलं तर गाळ थांबतो, पण डॉट्सची मूळ चमकच घटते. अशा वेळी कोणता बफर, किती तीव्रतेचा वापरता? आणि 360ला फेरिक स्वतःच प्रकाश शोषतो, त्याची इनर फिल्टर दुरुस्ती (या शोषणामुळे कमी दिसणाऱ्या चमकेची भरपाई) प्रत्येक नमुन्याला करता, की स्टँडर्ड अॅडिशनवर (नमुन्यातच माहीत असलेलं लोह टप्प्याटप्प्याने घालून मोजणं) भागतं? प्रत्यक्ष केलेल्यांनी कृपया सांगावं.