आईचा एकही दात किडलेला नाही, तरी खालचे पुढचे दात हलतायत

द्राक्षबाग_तासगाव
आई ५८ वर्षांची. आजवर तिची दाढ कधी ठणकली नाही, परवापर्यंत उसाचं कांडं दातानंच सोलायची. मिशेरी मात्र लग्नाच्या आधीपासून. आता खालचे मधले दोन पटाशीचे दात जिभेनं ढकलले तरी हलतात. दुखत काहीच नाही. सांगलीत दाखवलं. डॉक्टरांनी बारीक सळई हिरडीत घालून "सहा, सात, पाच" असे आकडे लिहून घेतले आणि हिरडीच्या आतून सफाई करायला सांगितलं. आई ऐकत नाही. म्हणते, "कीटण काढलं की दात पडतात, शेजारच्या काकूंचे तसेच गेले." दात धडधाकट असून हलतो कसा? आणि ते आकडे कसले? तिला पटेल असं कुणी सांगाल का?

दंतवैद्य_कोरेगाव
माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या आया हेच म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि जबड्याचं हाड यांच्यामध्ये साधारण ०.२ मिलिमीटरची फट असते आणि ती बारीक तंतूंनी विणलेली असते. तंतूंचं एक टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या पातळ थरात रुतलेलं, दुसरं हाडात. आईला बाजलं दाखवा. आपण बसलो की सुंभ ताणतं आणि भार चारी बाजूंच्या लाकडावर जातो. चावताना दात असाच त्या तंतूंवर बसतो. ऊस सोलताना इतकी वर्षं सगळा जोर त्यांनीच झेलला.

आकडे मिलिमीटरचे आहेत. दात आणि हिरडी यांच्यात निरोगी माणसालाही १ ते ३ मिलिमीटरची खाच असते. तिथं सात आले, म्हणजे कीटण आत उतरलंय, तंतू सुटलेत आणि हाडाचा काठ खाली गेलाय. खालच्या पटाशीच्या दाताचं मूळ जेमतेम १२ मिलिमीटर, त्यामुळं पाच-सहा मिलिमीटरची पकड सुटली तरी तो डुलायला लागतो. किती हाड उरलंय ते एक्स-रेत दिसेल.

दुखत नाही, कारण ठणका लागतो तो दाताच्या आतल्या मगजातल्या नसेमुळं. आईचं वरचं इनॅमल शाबूत आहे. शरीरात त्याहून कठीण काही नाही. दात पक्का, पण त्याची जमीन चाललीय. आणि सुरुवात बहुतेकदा याच दातांपासून होते. जिभेखाली लाळेच्या नळ्या उघडतात, लाळेतल्या क्षारांनी तिथली घाण लवकर दगड बनते. मिशेरी घासून हिरडीही खाली सरकते.

काकूंचं म्हणाल तर ते दात आधीच सुटलेले असणार. कीटणाचा दगड दातांच्या फटीत बसून त्यांना एकमेकांना जखडून ठेवतो. तो निघाला की खरी स्थिती उघडी पडते आणि दोष सफाईला लागतो. पण तो दगड ठेवला तर उरलेलं हाडही जाईल. गेलेलं हाड सहसा परत भरत नाही, हे आईला आधीच सांगा. सूज उतरली की हिरडी मात्र घट्ट बसते, हलणं बरंचसं कमी होतं. गरज पडली तर दात आतून तारेनं बांधता येतात. मिशेरी आजच बंद.

वाईची_सून
माझ्या सासूबाईंचं गेल्या वर्षी केलं. जिथं कीटण होतं तिथं फटी पडल्या, त्यांची जीभ सारखी तिकडंच जायची. दोन आठवडे गार पाणी शिवशिवायचं, कोमट दिलं. घाबरू नका, आधीच कल्पना द्या, म्हणजे त्या तुमच्यावर चिडणार नाहीत. आणि साखर तपासून घ्या. सासूबाईंची तेव्हाच कळली.

द्राक्षबाग_तासगाव
डॉक्टर, बाजल्याचं ऐकून आई उठली आणि खरंच सुंभ दाबून बघितलं. मग म्हणाली, "मला हे आधी कुणी सांगितलं नाही." सोमवारी जातोय. ताई, तुमचंही ऐकलं. साखर उपाशीपोटी १६८ आली. आता सफाई पुढं ढकलायची का?

दंतवैद्य_कोरेगाव
ढकलू नका. उद्याच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा आणि सोमवारी तोच कागद दातांच्या डॉक्टरांच्या हातात द्या. साखर वाढलेली असली की हिरडी लवकर बिघडते, आणि हिरडीतली सूज साखर आटोक्यात येऊ देत नाही. दोन्ही उपचार बरोबरच चालू द्यात. सोमवारी आईला उपाशी नेऊ नका, नाश्ता करून जा.