वडिलांचा फोन आला, तर सल्लागाराने काय सांगावे?

प्रश्न (नवोदित सल्लागार)

मी अमेरिकेतील एका विद्यापीठात पदवीपूर्व विद्यार्थ्यांची शैक्षणिक सल्लागार म्हणून नुकतीच रुजू झाले आहे. विषय निवडायला मदत करणे, नोंदणीतील अडचणी सोडवणे आणि गुणांची सरासरी घसरली तर विद्यार्थ्याला बोलावून त्याच्याशी बोलणे, असे माझ्या कामाचे स्वरूप आहे. मध्यंतरी भारतातून एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. माझे आडनाव वाचून त्यांनी मराठीतच सुरुवात केली. मुलगा हल्ली नीट बोलत नाही, शिक्षणासाठी कर्ज काढलेले आहे, तेव्हा ‘ताई, तो वर्गात जातो की नाही एवढे तरी सांगा’, असे ते म्हणाले. मला उत्तर ठाऊक होते, पण नियमानुसार सांगता येणार नाही, असे म्हणून मी फोन ठेवला आणि त्यानंतर दोन दिवस मला चैन पडले नाही. शुल्क भरणाऱ्या पालकाला एवढेही सांगता येऊ नये, असा खरोखरच नियम आहे का? शिवाय भेटीनंतर ज्या संगणकीय नोंदी मी लिहिते, त्या इतर विभागांनाही दिसतात. त्यांत काय लिहावे आणि काय लिहू नये?

(संपादन: खालील सूचनेनंतर विद्यार्थ्याच्या अडचणीचे कारण व काही तपशील काढून टाकले आहेत.)

उत्तर (विद्यार्थ्यांच्या नोंदी सांभाळणाऱ्या निबंधक कार्यालयात काम केलेला)

सर्वप्रथम एक विनंती. आपण वर लिहिलेले कारण आणि विषयांची नावे कृपया काढून टाका. नाव लिहिले नाही म्हणजे ओळख लपली, असे कायदा मानत नाही. उपलब्ध तपशील एकत्र जोडून विद्यापीठातील एखाद्या सामान्य माणसाला तो विद्यार्थी कोण हे खात्रीने ओळखता येत असेल, तर ती माहिती ओळख पटवणारीच ठरते.

आता मूळ प्रश्नाविषयी. आपल्याला लागू असलेला, विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेचा अमेरिकी कायदा १९७४ चा असून सर्वजण त्याला ‘फेर्पा’ (FERPA) म्हणतात. शाळेत असेपर्यंत नोंदी पाहण्याचा हक्क पालकांचा असतो. विद्यार्थी १८ वर्षांचा झाला किंवा कोणत्याही वयात त्याने महाविद्यालयात प्रवेश घेतला, की तो हक्क संपूर्णपणे विद्यार्थ्याकडे जातो. शुल्क कोण भरतो, याच्याशी त्याचा संबंध नाही. विद्यार्थी अमेरिकी करकायद्यानुसार पालकांवर अवलंबून असेल, तर त्याच्या संमतीविना माहिती देण्याची मुभा विद्यापीठाला आहे, परंतु ती मुभाच आहे, बंधन नव्हे. अमेरिकेत कर न भरणाऱ्या पालकांच्या बाबतीत तर तिचा व्यवहारात उपयोग होत नाही.

अमुक विद्यार्थी येथे शिकतो, एवढी गोष्ट बहुतेक विद्यापीठे ‘डिरेक्टरी’ माहितीत, म्हणजे संमतीविना सांगता येणाऱ्या प्राथमिक माहितीत धरतात आणि ती सांगता येते. मात्र विद्यार्थ्याने तीही रोखून ठेवलेली असू शकते, म्हणून तशी खूण संगणकावरच्या नोंदीत आहे का, हे प्रत्येक वेळी आधी पाहावे. हजेरी आणि गुण या माहितीत कधीच मोडत नाहीत.

आणीबाणीचा अपवाद स्वतंत्र आहे. विद्यार्थ्याच्या किंवा इतरांच्या जिवाला अथवा आरोग्याला गंभीर धोका असल्याचे शब्दांत मांडता येत असेल, तर पालकांनाही कळवता येते. २००७ साली व्हर्जिनिया टेक विद्यापीठात झालेल्या गोळीबारानंतर, २००८ मध्ये या तरतुदीतील भाषा अधिक मोकळी करण्यात आली, कारण कायद्याच्या भीतीने माणसे गप्प बसतात हे तेव्हा लक्षात आले होते. मुलगा घरी बोलत नाही, एवढ्याने हा अपवाद लागू होत नाही. तरीही मनात खरी शंका असेल, तर ती त्याच दिवशी विद्यार्थी साहाय्य विभागाला कळवावी. विद्यापीठातील ज्यांना कामासाठी गरज आहे त्यांना सांगण्यावर कायद्याची आडकाठी नाही.

उत्तर (अनेक वर्षे सल्लागार)

वरील उत्तर अचूक आहे, पण ‘सांगता येत नाही’ या वाक्यावर फोन संपवणे मला पटत नाही. कायदा आपल्याला बोलण्यापासून अडवतो, ऐकण्यापासून नव्हे. वडिलांची काळजी पूर्ण ऐकून घ्यावी, सल्लागार कोणत्या अडचणींत मदत करतो आणि समुपदेशन कोठे मिळते हे कोणत्याही विद्यार्थ्याचा संदर्भ न देता समजावून सांगावे आणि ‘तुमचा फोन आला होता हे मी त्याला कळवीन’ असे उघडपणे म्हणावे. त्यानंतर विद्यार्थ्याला बोलवावे. घरी काय सांगायचे, हे ठरवायला त्याला आपली मदत होऊ शकते. अनेकदा त्याला लपवायचे नसते, सुरुवात कशी करावी तेच सुचत नसते.

तो तयार असेल, तर लेखी संमती घ्यावी. तिच्यात कोणत्या नोंदी, कशासाठी आणि कोणाला, हे स्पष्ट लिहिलेले असावे, आणि तिच्यावर सही व तारीख असावी. प्रवेशाच्या दिवशी, आईवडील शेजारी उभे असताना सरसकट भरून घेतलेले संमतिपत्र मला संमती वाटत नाही. नकार देण्याची सोयच नसेल, तर होकाराला काय किंमत राहते?

नोंदींबाबत मी एकच कसोटी लावते: उद्या विद्यार्थी ही नोंद माझ्यासमोर बसून वाचू लागला, तर मला मान खाली घालावी लागेल का? ही कल्पना नव्हे, तसे खरोखर घडू शकते. त्याने मागणी केली, तर ४५ दिवसांच्या आत नोंदी दाखवाव्या लागतात. केवळ स्वतःच्या आठवणीसाठी लिहिलेले आणि कोणालाही न दाखवलेले टिपण या हक्काबाहेर राहते, पण सामायिक प्रणालीत टंकलेला मजकूर त्या क्षणापासून शैक्षणिक नोंद होतो. म्हणून ‘आळशी वाटतो’, ‘घरचे दडपण दिसते’ असे निष्कर्ष लिहू नयेत. ‘दोन विषय सोडण्याच्या पर्यायांवर चर्चा झाली, अंतिम मुदत सांगितली, आरोग्य केंद्राची माहिती दिली’ एवढे पुरते. आजाराचे नाव लिहायची गरज मला क्वचितच पडली आहे.

उत्तर (एका विद्यार्थिनीची आई)

मी फोनच्या दुसऱ्या टोकाला होते, म्हणून लिहिते. माझ्या मुलीच्या सल्लागारानेही मला काही सांगितले नव्हते आणि तेव्हा मला संताप आला होता. पुढे मुलीनेच सांगितले की, त्या खोलीत बोललेले घरी पोहोचणार नाही याची खात्री होती म्हणूनच ती तिथे पहिल्यांदा खरे बोलली. ते बोलणे झाले नसते, तर ती वर्ष अर्धवट टाकून परत आली असती, असे मला आजही वाटते. तरीही एक मागणे आहे. नियम सांगताना आवाजात माया असू द्या. समुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला ‘तुम्ही फोन केलात हे बरे केलेत’ एवढे वाक्यही रात्रभर पुरते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. मी वडिलांना पुन्हा फोन करून त्यांचे म्हणणे शांतपणे ऐकले आणि त्यांचा निरोप मुलाला देईन, असे सांगितले. निरोप कळल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर त्याने विचारले की, संमती फक्त या सत्राच्या हजेरीपुरती देता येते का? येते, असे मी सांगितले. पत्र त्याने स्वतःच्या हाताने भरले आणि अडचणीचे कारण मात्र संमतीत न घेता, ते मी घरी सांगेन, असे म्हणाला. जुन्या नोंदीही मी पुन्हा वाचत आहे. त्यांतील दोन नोंदींतली वाक्ये मला त्याच्यासमोर वाचता आली नसती, म्हणून त्या दुरुस्त करण्याची रीतसर पद्धत कोणती हे मी निबंधक कार्यालयाला विचारले आहे.