'खान' आडनाव आणि पोर्तुगीज कागदांतलं 'कांव': एकच का?

डिचोलीकर
दोन शंका आहेत. खान म्हणजे पठाणच, असं सर्रास म्हणतात. ते कितपत खरं? आणि सोळाव्या शतकातल्या पोर्तुगीज कागदांत 'इदालकांव'सारखी नावं दिसतात. त्या 'कांव'चा धागा धरून गोव्यातल्या आजच्या एखाद्या खान घराण्याची वंशावळ मागे नेता येईल का? नसेल, तर शोध सुरू कुठून करायचा?

मोडीवाचक
खान ही आधी पदवी, आडनाव फार नंतर. हा क्रम उलटा धरला की पुढचं सगळं चुकतं.

शब्द मध्य आशियातला, तुर्क-मंगोलांचा. अर्थ सरदार किंवा राजा. १२०६ मध्ये तेमुजिन 'चंगीझ खान' झाला आणि तो मुसलमान नव्हता. म्हणजे शब्दाला मुळात धर्म नाही. पुढे इराण-हिंदुस्थानात सुलतान आणि बादशहा आपल्या अमीर-उमरावांना ही पदवी देऊ लागले. घेणारा तुर्क, इराणी, हबशी, धर्मांतरित राजपूत, कोणीही असे. पठाणांत गावचा मुखिया तो खान, म्हणून तिथे हे नाव जास्त पसरलं, एवढंच.

आता 'कांव'. विजापूरचा युसूफ आदिल खान १४९० मध्ये स्वतंत्र झाला. 'आदिल खान'चं पोर्तुगीज तोंडात इदालकांव झालं आणि त्याच्या वारसांनाही तेच चिकटलं. पणजीचं जुनं सचिवालय म्हणजे इदालकांवचा वाडा. १५१२ मध्ये गोव्यातला बाणस्तारीचा किल्ला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कच्या हवाली करणारा विजापूरचा सरदार रसूल खान पोर्तुगीज बखरींत 'रोसालकांव' आहे. बेळगावचा विजापुरी सरदार असद खान, त्याच्या नावालाही हीच शेपटी. हे सगळे दरबारी हुद्दे. बापाचा 'खान' मुलाला आपोआप मिळत नसे, तेव्हा यांना कोणाच्या वंशावळीत बसवू नका.

आणखी एक खड्डा: कांव हे अस्सल पोर्तुगीज आडनावही आहे. १४८२ मध्ये काँगो नदीच्या मुखाशी पोचलेला दियोगो कांव आठवा. सूचीत नुसतं 'कांव' दिसलं तर आधी पुढचं नाव वाचा. (त्या भाषेत कुत्र्यालाही कांव म्हणतात. त्यावरचे विनोद करून झालेत, नवे नकोत.)

फोंड्याची
शोधाचं मी सांगते. उलट दिशेने चाला, आजोबांपासून मागे.

गोव्यात जन्म, लग्न, मृत्यूची नागरी नोंदणी १९१४ पासून सक्तीची. त्याआधीची बाप्तिस्म्याची पुस्तकं चर्चची, त्यात मुसलमान घराणी सापडायची नाहीत. म्हणून १९१४ नंतरची एक पक्की नोंद हा पाया. तालुक्याच्या नागरी निबंधकाकडे अर्ज करताना माणसाचं नाव, आई-बापाचं नाव, गाव, वाडा (म्हणजे गावातली वस्ती) आणि अंदाजे साल द्या. सालाच्या मागे-पुढे पाच वर्षं तपासायला सांगा.

नक्कल मागताना 'तेओर' मागा, म्हणजे मूळ नोंदीचा पूर्ण मजकूर. संक्षिप्त दाखला घेतलात तर मेहनत वाया. पोर्तुगीज पद्धतीच्या जन्मनोंदीत दोन्हीकडचे आजी-आजोबा लिहिलेले असतात, एका कागदात तीन पिढ्या.

अडतं कुठे? पोर्तुगीज सूची पहिल्या नावाने लावतात. अब्दुल खान 'ए'खाली सापडेल, आडनावाच्या अक्षराखाली नाही. दुसरं, त्या लिपीत 'के' जवळजवळ वापरतच नसत. खान 'सी-ए-एन' असा येतो, शेख 'एक्स'ने सुरू होतो. १९६१ नंतर इंग्रजी कागद आले आणि तोच माणूस 'के-एच-ए-एन' झाला. बापाचं आणि मुलाचं स्पेलिंग वेगळं म्हणून घराणं वेगळं समजू नका. आईचं नाव आणि वाडा जुळतो का ते पाहा.

तानपुरा
पठाणाचा मुद्दा गवयांनीच निकालात काढलाय. अल्लादिया खाँ (१८५५–१९४६) आपले पूर्वज गौड ब्राह्मण असल्याचं सांगत. त्यांच्याच तालमीत आपल्या केरीच्या केसरबाई आणि कुर्डीच्या मोगूबाई तयार झाल्या. गाण्यातला 'खाँ' हा घराण्याचा शिक्का, जातीचा दाखला नव्हे.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं (१८७२–१९३७) घर तर याहून बोलकं. मुलांची आई ताराबाई माने त्यांच्यापासून वेगळ्या झाल्यावर मुलांची नावं बदलली: अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले, चंपाकलीच्या हिराबाई, पुढे बडोदेकर. सख्खी भावंडं, बापाचं आडनाव एकालाही नाही. उलट, पेशावरला १९२२ मध्ये जन्मलेला युसूफ खान पडद्यावर दिलीप कुमार झाला. सरहद्द गांधी मात्र खान अब्दुल गफार खान, पुढेही खान, मागेही खान.

डिचोलीकर
तेओरचं माहीतच नव्हतं, सोमवारी अर्ज टाकतो. जाता जाता, खानोलकरांचा यात काही संबंध?

मोडीवाचक
काडीचा नाही. वेंगुर्ल्याजवळ खानोली गाव आहे, तिथले ते खानोलकर.