गूढ शब्दकोडं: सूत्राची फोड मराठीच्या अंगाने

चतकोर, मग आठवड्याचे दिवस. छत्री तेव्हाच लागते (४)

उत्तर ‘पावसात’. चतकोर म्हणजे पाव, आठवड्याचे दिवस सात. कंसातला आकडा अक्षरांचा: पा-व-सा-त. गूढ शब्दकोड्याच्या सूत्राला अशी दोन अंगं असतात. एक सरळ अर्थ (इथे ‘छत्री तेव्हाच लागते’) आणि दुसरं त्या शब्दाची घडण. सरळ अर्थ सूत्राच्या सुरुवातीला असतो किंवा शेवटी, मधे लपवत नाहीत. दोन्ही अंगांनी एकाच शब्दावर पोचलात की उत्तर पक्कं, कुणाला विचारायला नको.

या सूत्रात मला सगळ्यात आवडते ती विभक्ती. ‘पाऊस’ची अशी फोड होत नाही, सप्तमीचा प्रत्यय लागून सामान्यरूप झालं तेव्हाच त्यात ‘पाव’ आणि ‘सात’ दिसले. आणि उत्तर सप्तमीत आहे म्हणून अर्थाकडूनही ‘तेव्हा’ असं म्हणावं लागलं. नुसतं ‘आभाळातून पडणारा’ लिहिलं असतं तर सूत्र खोटं पडलं असतं.

हा खेळ आपण इंग्रजीवरून घेतला हे खरं. आर्थर विन यांचं पहिलं कोडं २१ डिसेंबर १९१३ला न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात आलं, पण ते साध्या अर्थांचं होतं. गूढ प्रकार रुजला तो १९२०च्या दशकात इंग्लंडमध्ये, ‘टॉर्किमाडा’ या टोपणनावाने कोडी रचणाऱ्या एडवर्ड पॉइस मॅदर्स यांच्यामुळे. मात्र त्यामागची बुद्धी आपल्याला परकी नाही. शाळेत श्लेष शिकताना ‘मित्राच्या उदयाने सर्वांना आनंद होतो’ हे वाक्य सगळ्यांनी घोकलं आहे. शब्द न फोडता दोन अर्थ निघाले तर अभंग श्लेष:

देवाने दिलेला नवरा (२)

वर. वरदान आणि नवरदेव, दोन्ही. शब्द फोडल्यावर दुसरा अर्थ निघाला तर सभंग श्लेष. त्या प्रसिद्ध संस्कृत श्लोकातला तहानलेला माणूस बाईला म्हणतो, पाणी ‘दास्यसि’ तर नको. ऐकणारा बुचकळ्यात पडतो, कारण ‘देशील तर नको’ असं ऐकू येतं. फोड करा: दासी असि, म्हणजे ‘तू दासी असशील तर’. ‘पावसात’ची रीत हीच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की मराठी कोडं रचताना इंग्रजी सूत्रांचे साचे समोर ठेवू नयेत. श्लेष, संधी, विभक्ती ही आपली हत्यारं जास्त धारदार आहेत.

उदाहरणार्थ, अक्षरांची उलथापालथ. इंग्रजी गूढ कोड्यांचा तो कणा आहे, कारण सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५०४० मांडण्या होतात. आपल्या तीन अक्षरी शब्दाच्या फक्त सहा. ‘गजर बिघडला तरी निकड आहेच (३)’ वाचताक्षणी डोळ्यांना ‘गरज’ दिसते. गंमत आहे, पण कोड्यात अशी एखाद-दोनच असावीत.

उलटं वाचण्याची सूत्रं मात्र मराठीत सुरेख जमतात. ‘मरा मरा’चं ‘राम राम’ झाल्याची वाल्या कोळ्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो.

समईतली उलटी ठेवली, भाकरी भाजली (२)

वात, तवा. इथे एकक अक्षर आहे, सुटे वर्ण नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी अक्षराबरोबरच हलते आणि जोडाक्षराला एकच चौकोन मिळतो.

>> ‘नदी उलटली की गरीब’ याचं उत्तर ‘दिन’ लिहिलं तर का चालत नाही? उच्चार तर सारखाच.

नाही चालत. नदीतली दी दीर्घ आहे, ती उलटून आली तरी दीर्घच राहणार. दीन म्हणजे गरीब, दिन म्हणजे दिवस. ‘नदी उलटली आणि दिवस उजाडला’ असं सूत्र कुणी दिलं तर ते मी चुकीचंच ठरवेन. उच्चाराचा प्रश्न वेगळा. चहा उलटा केला की ‘हाच’ मिळतं आणि दोन्हीतला च वेगळा ऐकू येतो, तरी ते मला मान्य आहे, कारण चौकोनात लिहितो ते अक्षर एकच आहे.

इंग्रजीत लघुरूपांवर बरंच काही चालतं आणि मराठीत ती सोय नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मला ती पटत नाही. लग्नपत्रिका उघडून बघा: चि., सौ., कै. शिवाय सगळी सरगम एकेका अक्षराची.

चिरंजीव थोडक्यात आटपून पावाच्या जोडीदाराला भेटले. दिवाळीचं खाणं (३)

पंचम थंडावला, एक तारखेला मिळतो (३)

चि + वडा आणि प + गार. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, पण फोड पाहा, किती घरची वाटते.

आता ज्या सूत्रावर सगळ्यात जास्त वाद झाला ते:

छाट साखरेचं पीक, सांध. हाती येईल विदर्भातलं पांढरं सोनं (३)

>> काप + ऊस = ‘कापऊस’. ‘कापूस’ कसं होईल?

जसं कर + ऊन = करून, सांग + एन = सांगेन, घाम + ओळे = घामोळे होतं तसं. पहिल्या शब्दाच्या शेवटचा अ गळतो आणि पुढचा स्वर त्याची जागा घेतो. मराठी व्याकरणात हिला पररूप संधी म्हणतात आणि आपण ती दिवसभर बोलतो. फक्त रचणाऱ्याने ‘सांध’ हा शब्द सूत्रात घातलाच पाहिजे. तो गाळला तर सोडवणारा काप-ऊस चार चौकोनांत बसवत बसेल, आणि दोष रचणाऱ्याचा असेल. ‘आफ्रिट’ नावाने कोडी रचणाऱ्या ए. एफ. रिची यांनी १९४९ साली नियम सांगितला तो असाच: वरवर म्हणतो ते मनात नसलं तरी चालेल, पण मनात आहे ते म्हटलेलं असलंच पाहिजे.

सोनेरी तारेत अडकली होडी. रात्री साप म्हणायचं नसेल तर हे म्हणा (४)

>> उत्तर ‘जनावर’ दिलंय. जनावर म्हणजे गुरंढोरं, साप कुठून आला?

खेड्यांत, कोकणात तर हमखास, रात्री सापाचं नाव घेत नाहीत. ‘परड्यात जनावर निघालं’ म्हटलं की सगळे कंदील किंवा बॅटरी घेऊन धावतात, गाय शोधायला कुणी जात नाही. मूळ शब्द फारसी, ‘जानवर’ म्हणजे जीव असलेला; त्यामुळे साप त्यात सहज बसतो. फोड अशी: पैठणीच्या काठाला असतो तो जर, त्याच्या पोटात नाव. ज-नाव-र.

‘सोनेरी तारेत’ऐवजी ‘अटीत’ केलं तर वाचायला जास्त सफाईदार होईल अशी एक सूचना आली. ती मी घेणार नाही. ‘जर’ने अट सुरू होते, पण जर म्हणजे अट नव्हे. एकाच वाक्यात एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवून पाहा: ‘जर तू आलास’च्या जागी ‘अट तू आलास’ असं कुणी म्हणत नाही. सूत्रातला शब्द उत्तरातल्या तुकड्याच्या जागी जसाच्या तसा बसला पाहिजे, ही चाचणी मी प्रत्येक सूत्राला लावतो.

पुढचं सोडवा, पण फोडीसकट. नुसतं उत्तर धरणार नाही.

सज्जनामागे मोटार लागली. व्याज हवंय त्याला (४)