मदत हवी आहे : ऑस्टेन घराण्याची आरमारी पत्रे मराठीत आणताना ‘तू’ की ‘आपण’?

नमस्कार.

कादंबरीकर्त्री जेन ऑस्टेन हिचे दोन भाऊ ब्रिटिश आरमारात होते आणि दोघेही अ‍ॅडमिरल होऊन गेले, हे येथील अनेकांना ठाऊक असेल. त्यांतला मोठा फ्रान्सिस, म्हणजे घरचा फ्रँक (१७७४–१८६५), आणि धाकटा चार्ल्स (१७७९–१८५२). या घरातली निवडक पत्रे आणि चार्ल्सच्या रोजनिश्यांतल्या काही नोंदी मी एका दिवाळी अंकासाठी मराठीत आणतो आहे. इंग्रजी समजण्यात फारशी अडचण नाही. अडचण मराठीची आहे, आणि ती मायन्यापासूनच सुरू होते.

२१ जानेवारी १८०५ रोजी बाथ येथे वडील वारले. जेनने त्याच दिवशी फ्रँकला, तो ज्या ‘लेपर्ड’ जहाजाचा कप्तान होता त्याच्या डंजनेसच्या पत्त्यावर, ही बातमी कळवली. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरली बहीण कॅसांड्रा हिला फ्रँकचे पत्र आले आणि तो एव्हाना पोर्ट्स्मथला असण्याचा संभव आहे असे त्यावरून दिसले, तेव्हा जेनने पुन्हा बसून तोच सगळा मजकूर नव्याने लिहून तिकडे धाडला. पुढे २९ तारखेच्या पत्रात ती वडिलांच्या आठवणीच्या दोन वस्तू पाठवत असल्याचे लिहिते : काळ्या दाणेदार कातड्याच्या घरातले, होकायंत्र आणि सावलीचे घड्याळ एकत्र असलेले एक छोटे उपकरण, आणि एक कात्री.

मी या पत्रांत ‘तुला’ लिहिले होते. अंकाच्या संपादकांनी ते सरसकट ‘आपणांस’ केले. १८०५ सालच्या मराठी घरातली बहीण वडील भावाला ‘तीर्थस्वरूप’ लिहिल्यावाचून राहिली नसती, असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते अगदीच चूक आहे असे मला म्हणता येत नाही. पण फ्रँक तिच्याहून जेमतेम वीस महिन्यांनी मोठा. १८०९ मध्ये त्याला मुलगा झाला तेव्हा तिने अभिनंदनाचे पत्र चक्क पद्यात लिहिले आणि त्यात त्याचे लहानपणचे व्रात्यपण काढले : दारातून कुरळे डोके अर्धवट आत घालून हा बेट नावाच्या बाईला हॅम्पशरच्या गावरान बोलीत सांगतो आहे की मी काही राहायला आलेलो नाही. हे ‘आपण’ वापरून कसे लिहायचे? शिवाय ती गावरान ओळ कोणत्या बोलीत घालावी, हा आणखी एक पेच.

दुसरी अडचण शब्दांची. मे १८०१ च्या पत्रात जेन सांगते की चार्ल्सला एका ‘प्रायव्हेटीअर’ जहाजातल्या वाट्याचे ३० पौंड मिळाले, आणखी १० यायचे आहेत, आणि त्याने त्या पैशांतून दोन्ही बहिणींसाठी सोन्याच्या साखळ्या आणि पुष्कराजाचे क्रूस घेतले. मी ‘चाच्यांच्या जहाजाच्या लुटीतला वाटा’ असे लिहिले आहे. ते खटकते, पण दुसरे सुचत नाही.

तिसरी अडचण तारखांची. ऑक्टोबर १८०५ मध्ये ब्रिटिश ताफ्याचा सेनापती नेल्सन याने पाणी आणि रसद भरून घेण्यासाठी फ्रँकचे ‘कॅनोपस’ जिब्राल्टरकडे पाठवले होते, त्यामुळे ट्रफॅल्गारची लढाई त्याला हुकली. त्या दिवसांत त्याने वाग्दत्त वधू मेरी गिब्सन हिला एकच पत्र तुकड्यातुकड्यांनी, १५ ऑक्टोबरपासून ४ नोव्हेंबरपर्यंत, लिहिले. त्यातला एक तुकडा २१ ऑक्टोबरचा, ऐन लढाईच्या दिवसाचा आहे. शत्रूचे, म्हणजे फ्रेंच आणि स्पॅनिश, आरमार शनिवारी १९ तारखेला स्पेनमधल्या काडिझ बंदरातून निघाले एवढेच तेव्हा त्याला कळले आहे. लढाई होऊन गेली आणि नेल्सन पडला, हे २७ तारखेच्या तुकड्यात येते. जहाजावरचा दिवस दुपारी बारापासून मोजत, असे वाचल्यापासून मला धास्ती आहे की हा २१ म्हणजे आपला २० तर नव्हे ना? तसे असेल तर माझी अर्धी प्रस्तावनाच कोसळते.

चार्ल्सच्या रोजनिश्या ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियममध्ये आहेत. त्याची पत्नी फॅनी बर्म्युडाची. थेम्सच्या मुखाशी नांगरलेल्या ‘नेमूर’ जहाजावरच तिने मुलींसह संसार केला आणि सप्टेंबर १८१४ मध्ये चौथ्या बाळंतपणानंतर तिथेच तिचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षांतल्या त्याच्या त्रोटक नोंदींत अधूनमधून ती स्वप्नात आल्याचा उल्लेख येतो. या नोंदींना बहुधा कर्ताच नसतो. मराठीत ‘पत्र लिहिले’ असे कर्त्यावाचून सहज चालते, पण ‘गेलो’, ‘जेवलो’ म्हटले की ‘मी’ आपोआप उघडा पडतो. हे असेच राहू द्यावे का?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आधी तारखेचे, कारण ते सोपे आहे. मध्यान्हापासून दिवस मोजण्याची रीत जहाजाच्या लॉगबुकापुरती, म्हणजे रोजच्या नोंदवहीपुरती, होती, आणि ऑक्टोबर १८०५ मध्येच अ‍ॅडमिरल्टीने, म्हणजे आरमाराच्या सरकारी खात्याने, ती बंद करण्याचा हुकूम काढला. लॉगमधल्या २१ तारखेचा आरंभ आपल्या २० तारखेच्या दुपारी होई, म्हणजे सकाळच्या नोंदी जुळतात आणि घोळ फक्त दुपारनंतरच्या नोंदींत होतो. घरच्या पत्रात माणूस घरचीच तारीख घालतो. फ्रँकने १९ तारखेला शनिवार म्हटले आहे. १८०५ चे कॅलेंडर काढून पाहा, तो शनिवारच आहे. मोडी कागद वाचणारे आपण तिथीबरोबर वार ताडून पाहतोच, तेच इथे करायचे. आपली प्रस्तावना शाबूत आहे.

‘चाचे’ मात्र काढून टाका. प्रायव्हेटीअर म्हणजे सरकारी परवाना घेऊन शत्रूची जहाजे धरणारे खासगी लढाऊ जहाज. शत्रूचे असे जहाज आरमाराने धरून आणल्यावर ते रीतसर न्यायालयापुढे जाई आणि मग किमतीचे आठ भाग करून हुद्द्याप्रमाणे वाटप होई. १८०८ पूर्वी त्यांतले तीन कप्तानाकडचे (त्यांतला एक वरिष्ठ अ‍ॅडमिरलचा), तर सगळ्या लेफ्टनंटांना मिळून, तेही इतर काही अधिकाऱ्यांसह, एकच. चार्ल्स तेव्हा ‘एंडिमियन’वर लेफ्टनंट होता, त्यामुळे त्याच्या हाती ३० पौंडच का आले ते कळते. आपल्या आंगरेकालीन कागदांत गलबत ‘पाडाव केले’ असे येते. ‘पाडावाचा हिस्सा’ म्हणा. एका तळटीपेत भागेल.

‘तू’ ठेवावे असे माझे स्पष्ट मत आहे. संपादकांना फार वाटले तर मृत्यूच्या पत्रातली वाक्ये संथ आणि जड ठेवा, इंग्रजीतही ती तशीच आहेत; पण सर्वनाम बदलू नका. एकाच भावाला १८०५ मध्ये ‘आपण’ आणि १८०९ मध्ये ‘तू’ झाले, तर वाचक मधल्या चार वर्षांत काय घडले ते शोधत बसेल.

रोजनिशीतले ‘गेलो’ तसेच असू द्या. आणि त्या बोलीच्या ओळीसाठी आमच्या मालवणीत ‘बेट, मी रवूक येवक नाय’ असे होईल. हवे तर घ्या.

धागाकर्ता :

मनापासून आभार. ‘पाडावाचा हिस्सा’ घेतला, आणि ‘तू’साठी संपादकांशी पुन्हा बोललो, त्यांनी चार वर्षांचा मुद्दा ऐकून मान्य केले. मालवणी ओळ मोठ्याने वाचून पाहिली. ती इतकी जिवंत आहे की फ्रँक थेट वेंगुर्ल्याच्या बंदरावर उभा राहतो, म्हणून मोह आवरून ‘बेट, मी काय ऱ्हायला न्हाय आलो’ असे ठेवले आहे. तेही देशावरचे झाले, हे कळते. याहून कोणत्याच गावचे नसलेले, तरीही गावरान वाटेल असे काही कोणाला सुचले तर अंक छपाईला जायला अजून दहा दिवस आहेत.